उपसूर्य, अपसूर्य आणि व्हाइस चेअरमन

मास्तरकीत किस्से साठतात ते खडूच्या भुकटीसारखे. आपण मुद्दाम गोळा करत नाही, ते अंगावर बसत जातात. बाकीच्या मास्तरांकडे नाना तऱ्हेचे असतात. कॉप्यांचे, सहलीचे, इलेक्शन ड्यूटीचे. माझे मात्र सगळे एकाच धड्याचे निघाले: पृथ्वी सूर्याच्या कधी जवळ असते आणि कधी लांब! एवढ्या एका धड्यानं आष्टी तालुक्यात माझं जे नाव केलं, ते कुणाचं होऊ नये.

आणि आधीच सांगून ठेवतो, या सगळ्या किश्श्यांत येडा एकच आहे. तुम्ही शोधायचे कष्ट घेऊ नका.

आमच्या शाळेच्या गावात दूध सोसायटी आणि हायस्कूल एकाच आवारात. दोन्हींचे चेअरमनही एकच, आप्पा. मी तिथं इतिहास-भूगोल शिकवायला लागलो तो टेंपररी म्हणून. कायमची ऑर्डर आप्पांच्या सहीनं निघायची होती. त्यामुळे पहिली पाच वर्षं माझं निम्मं बोलणं ‘हो आप्पा’ एवढंच होतं. उरलेलं निम्मं वर्गात व्हायचं, आणि ते बहुतेक चुकीचं असायचं.

* * *

म्हणजे असं की मी मूळचा इतिहासाचा माणूस. भूगोल गळ्यात पडलेला. पहिल्याच वर्षी वर्गात छातीठोकपणे सांगितलं, “उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून ऊन लागतं. हिवाळ्यात लांब जाते, म्हणून थंडी वाजते.” वर चुलीचं उदाहरण दिलं. जवळ बसलं की चटका, मागं सरकलं की गार! पोरं माना डोलवत होती. मला तर स्वतःचाच अभिमान वाटायला लागला.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची सुनंदा उभी राहिली.

“सर, पुस्तकात उलटं हाय. जानेवारीत जवळ आन् जुलैत लांब लिवलंय.”

मी पुस्तक मागवून घेतलं. खरंच तसं छापलेलं! जानेवारीच्या सुरुवातीला चौदा कोटी सत्तर लाख किलोमीटर, जुलैच्या सुरुवातीला पंधरा कोटी वीस लाख. आता माझ्यापुढं दोन रस्ते होते. एक म्हणजे चूक कबूल करायची. मी दुसरा धरला.

“ही छपाईची चूक आहे. पेनं काढा. जानेवारी खोडा, मे लिहा. जुलै खोडा, डिसेंबर लिहा.”

अख्ख्या वर्गानं पट्ट्या लावून नीटनेटकं खोडलं.

संध्याकाळी आष्टीत कॉलेजच्या एका प्राध्यापकांना विचारलं, तेव्हा कळलं की छापणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘पुस्तक बरोबर, मी चूक’ असं सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं, “तो धडा परीक्षेला नाही.”

पण आमच्याकडं पुस्तक एका पोराचं कधीच नसतं. थोरल्याचं मधल्याला, मधल्याचं धाकट्याला, धाकट्याचं चुलतभावाला. पुढं कितीतरी वर्षं मी घसा फोडून ‘जानेवारीत जवळ’ शिकवायचो आणि कुठून तरी एक हात वर यायचाच.

“सर, माज्या पुस्तकात मे हाय!”

“छपाईची चूक आहे ती.”

“न्हाई सर, पेनानं लिवलंय. भाऊ म्हणला, तुमीच सांगितलतं!”

* * *

हा डाग धुऊन काढायचा म्हणून मी तो धडा जीव ओतून शिकवायला लागलो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले. उपसूर्य, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते ती जागा. अपसूर्य, म्हणजे सगळ्यांत लांब असते ती. अर्थ सांगायच्या आतच आप्पा राउंडवर आले. दारातूनच त्यांनी फळा वाचला.

“उपसूर्य! सरपंच-उपसरपंच असत्यात, तसं सूर्य-उपसूर्य व्हय सर?”

“हो आप्पा.”

“म्हंजी मेन सूर्य रजेवर गेला की ह्यो काम बघतो.”

“हो आप्पा.”

“मंग आपल्या सोसायटीत मी सूर्य आन् आपले व्हाइस चेअरमन उपसूर्य!”

पन्नास पोरांच्या डोळ्यांदेखत मी तिसऱ्यांदा ‘हो आप्पा’ म्हणालो.

त्या दिवसापासून व्हाइस चेअरमनना अख्खं गाव उपसूर्य म्हणायला लागलं. माणूस साधा, त्यांना वाटलं पदवीच मिळाली. एकदा मात्र त्यांनी मला हॉटेलात गाठलं. चहा मागवला आणि बाजूला घेऊन विचारलं, “सर, खरं सांगा, उपसूर्य म्हंजी नेमकं काय?”

“म्हणजे सूर्याच्या सगळ्यांत जवळ,” मी म्हणालो.

ते खूश झाले. मग जरा विचारात पडले.

“जवळ तर हावच आमी. रोज शेजारच्या खुर्चीत बसतो. पर सर, इतकं जवळ ऱ्हाऊन मिळतं काय?”

आता शास्त्र सांगणं भाग होतं. “तसं काही मिळत नाही. तेव्हा जानेवारी असतो. थंडीच वाजते!”

व्हाइस चेअरमननी बशीतला चहा संपवला आणि सावकाश म्हणाले, “सर, त्यो पुस्तक लिवणारा कुठल्या तरी सोसायटीत व्हाइस चेअरमन असणार!”

* * *

उपसूर्यानं दुसऱ्याचं नाव गेलं. अपसूर्यानं माझं गेलं.

आमच्या भागात मास्तर दोन जातींचे: मुक्कामी आणि अप-डाऊनवाले. सरकारी नियमानं मास्तरनं शाळेच्या गावातच राहायचं. मी राहायला आष्टीत, आणि कागदावर आमचे शिपाई दगडूमामा यांच्या घरी भाडेकरू. त्या खोलीत खरं म्हणजे त्यांच्या शेळ्या होत्या. त्यांच्यासोबत कागदावर मी तीन वर्षं काढली.

एकदा बीडहून साहेब तपासणीला आले. मी आपला आवडता धडा काढला. साहेबांनी वर्गाला विचारलं, “अपसूर्य म्हणजे काय, कोण सांगेल?”

पहिल्या बाकावरची पोरगी उठली. “जो लई लांब ऱ्हातो, त्यो!”

“छान! उदाहरण दे.”

आता अपसूर्याला उदाहरण कुठं असतं का? पण साहेबांनी मागितलं आणि पोरीनं दिलं.

“आमचे सर! आष्टीहून अप-डाऊन करत्यात!”

साहेब माझ्याकडं वळले. “रजिस्टरला तर तुम्ही मुक्कामी आहात.”

नेमके त्याच वेळी दगडूमामा चहा घेऊन आले. माझी कड घ्यावी म्हणून मी त्यांच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. मामांनी कड घेतली.

“तसं न्हाई साहेब. वर्षातून एकडाव सर जवळ येत्यात की!”

“कधी?”

“तुमी येता तवा!”

* * *

पृथ्वीच्या अंतरानं ऋतू होत नाहीत, आस कललेला असतो म्हणून होतात, हे एकदा माझ्या टाळक्यात शिरल्यावर मी ते ओरडून शिकवायला लागलो. उशिरा शहाण्या झालेल्या माणसाचा आवाज नेहमीच मोठा असतो. वर्गाच्या खिडकीला लागूनच सोसायटीचं दूध तपासायचं टेबल. तिथं रशीदभाई. पस्तीस वर्षं त्यांनी दुधात डिग्रीची नळी सोडून तालुक्याची नियत तपासलेली. नळी अठ्ठावीसवर तरंगली की दूध चोख. त्याच्या बरीच खाली गेली, तर कॅनमध्ये विहीर शिरली आहे असं समजायचं.

मी ओरडलो, “लक्षात ठेवा! साडेतेवीस डिग्री! साडेतेवीस!”

खिडकीतून आवाज आला, “क्या सर, किसका दूध है ये? साडेतेवीस? परत पाठवा, पाणी हाय त्यात!”

वर्ग फुटला. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, “दूध नाही हो रशीदभाई. पृथ्वी! पृथ्वी साडेतेवीस डिग्री आहे.”

रशीदभाईंनी नळी पुसत समोर पाहिलं. आवारात टँकर लागला होता आणि हंड्यांची रांग गेटाबाहेर गेली होती.

“पृथ्वीत पाणी मारलंय म्हणता,” ते म्हणाले, “मंग सर, आपल्या तालुक्याच्या वाट्याचं कावून न्हाई मारलं?”

* * *

हा धडा घरीही आला. जानेवारीतली कडाक्याची सकाळ होती. मी अंगावर शाल घेऊन, हातात चहा धरून बायकोला समजावून सांगत होतो. “आज सूर्य वर्षातला सगळ्यांत जवळ आहे बरं का. जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटर जवळ!”

ती ओली लाकडं फुंकून फुंकून बेजार झाली होती. फुंकणी माझ्या हातात देत म्हणाली, “इतका जवळ आलाय तं अंगुळीचं पाणी त्याच्यावरच ठिवा!”

* * *

आता एक जरा कडू आहे.

जुलैच्या सुरुवातीला सूर्य सगळ्यांत लांब असतो. त्याच जुलैच्या अखेरीला आमच्या गावात एका दुपारी उभ्या काठीची सावली गडप होते. ऊन सरळ खाली येतं. दरवर्षी तेव्हा आभाळ भरलेलं, त्यामुळे हा प्रयोग मला कधी करून दाखवता आला नव्हता. त्या वर्षी पावसानं दडी मारली. पेरलेलं करपत होतं. गाव माना वर करून ढग शोधत होतं, आणि मी एकटा मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, आज तेवढा ढग येऊ देऊ नको!

देवानं अख्ख्या गावाचं सोडून माझं ऐकलं. मैदानात काठी रोवली. साडेबाराच्या सुमाराला सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, “जमलं!”

कुंपणाच्या भिंतीवर पाचसहा शेतकरी बसले होते. त्यांच्यातलं कुणी टाळी वाजवली नाही. खरं सांगतो, मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. वर्षभराचं पीक जात होतं आणि माझा धडा साजरा होत होता.

दुसऱ्या दिवशी दगडूमामांनी माझा चहा बंद केला.

“सर, सकाळी ढग आलतं. तुमी काठी रोवली आन् गेलं.”

“मामा, काठीनं ढग जात नाहीत.”

“मंग उपटा की!”

उपटली. खड्डाही बुजवला. आठ दिवस थांबलो. पाऊस नाहीच. नवव्या दिवशी मामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात चहा नव्हताच.

“काठी तं गेली सर. आता तुमी कधी निगता?”

* * *

ज्यांच्याकडून मला हा धडा खऱ्या अर्थानं कळला, ते बिरूभाऊ कधी शाळेत गेले नव्हते. मेंढरं राखायचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचा कळप शाळेमागच्या माळावर बसला होता. मी त्यांनाही गाठलं. मला ऐकणारा दिसला की राहवत नाही.

“बिरूभाऊ, आता सूर्य जवळ येतोय. आणि कडक ऊन असतं तेव्हा उलट तो लांब सरकत असतो. आहे की नाही गंमत?”

बिरूभाऊंनी तंबाखू मळली. “यात कसली गंमत? मेंढराला इचारा.”

“मेंढराला काय कळतं?”

“आत्ता बगा, उगड्यावर पसरल्यात. ऊन तिरपं येतंय, अंगावरून घसरून जातंय. चैतात ऊन सरळ पडाया लागलं, की ह्यांची डोकी एकमेकांच्या पोटाखाली जात्यात. जवळ-लांब कुणी मोजलंय? सरळ हाय का तिरपं, एवढंच बगायचं.”

साडेतेवीस डिग्रीचा अख्खा धडा दोन वाक्यांत संपला होता. माझ्यातला मास्तर मात्र हार मानेना. मी म्हणालो, “बरोबर आहे. पण भाऊ, हे कळायला मला सहा पुस्तकं वाचावी लागली!”

बिरूभाऊंनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

“व्हतं तसं. आमच्यात बी एक मेंढरू हाय, चैत संपला तरी उगड्यावरच उभं ऱ्हातं.”

* * *

शेवटचा किस्सा त्यानंतरच्या जानेवारीतला.

दुष्काळ आता अंगावर आला होता. विहिरींत गाळ दिसत होता, कडब्याची पेंढी दिसेनाशी झाली होती. लोकांचं एकच मागणं होतं, छावणी. म्हणजे जनावरांना एका जागी चारापाणी द्यायचं सरकारी मंजुरीचं ठिकाण. त्याचा प्रस्ताव सोसायटीनं ठराव करून तहसीलला पाठवायचा असतो. आप्पांना तो मार्चावर ढकलायचा होता. छावणी म्हणजे चारा आणा, टँकर आणा, रोजची भांडणं मिटवा. हा ताप होईल तितका लांबवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आणि सरूबाईला मार्चपर्यंत थांबता येणार नव्हतं. सरूबाई आमच्या भीमनगरातली. नवरा वारलेला, शेत नाही, एक पोरगी माझ्याच वर्गात नववीला. आणि एक तांबडी गाय. त्या गाईच्या दुधावर घर आणि पोरीची शाळा चालायची. चारा संपला होता. छावणी लागली तर गाय राहणार होती, नाही तर येत्या रविवारच्या बाजारात जाणार होती. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. पोरीचं शाळेतलं नाव काढायला लागलं तर काय करावं, ते विचारायला आली होती.

सभेच्या दिवशी सकाळी आप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझी कायमची ऑर्डर होती. टाइप केलेली, शिक्का मारलेली. फक्त सहीची जागा मोकळी.

“सर, ते तुमचं सूर्याचं काय हाय? जानेवारीत जवळ असतो म्हणता ना?”

“हो आप्पा.”

“आन् आता हितून पुढं?”

“आता लांब लांब जात राहतो. जुलैपर्यंत.”

“किती लांब?”

“पन्नास लाख किलोमीटर.”

आप्पांनी मान हलवली आणि मला जायला सांगितलं. त्यांनी तेवढंच विचारलं, मी तेवढंच सांगितलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं सांगायला तोंड उघडलंही होतं, पण नजर ऑर्डरवर गेली आणि तोंड मिटलं.

दहा वाजता, दूध घालून झाल्यावर, आवारातच सभा भरली. सरूबाई गाय घेऊनच आली होती. घरी पाण्याचा थेंब नव्हता, जाताना सोसायटीच्या हौदावर पाजून न्यायची होती. गाय लिंबाला बांधून ती पुढं येऊन बसली.

आप्पा उभे राहिले. “छावणी पायजे, मला मान्य हाय. पर आदी सायन्स ऐका. आपल्या हायस्कूलचे भूगोलाचे सर हायेत, त्यांनी मोजून सांगितलंय. आजपासून सूर्य लांब चाललाय. एक-दोन न्हाई, पन्नास लाख किलोमीटर! म्हंजी औंदा ऊन कमी कमी होत जाणार. कशाला घाई करायची? मार्चला बगू!”

सगळी सभा माझ्याकडं वळली. व्हाइस चेअरमननी तर मला नमस्कार केला.

सरूबाई उठली. आप्पांकडं तिनं पाहिलंही नाही.

“सर, तुमी माज्या पोरीला शिकिवता. तुमी म्हणला ऊन कमी हुईल, तं मी गाय ठिवते, कसं बी करून मार्च काडते. तुमी न्हाई म्हणला, तं आयतवारी इकून टाकते. सांगा, खरं हाय का?”

पाच वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उभा राहिलो. भाषण करायचं नव्हतं, फक्त भूगोल सांगायचा होता.

“सूर्य लांब जातो हे खरं आहे. पण ऊन कमी होणार नाही, वाढणारच आहे. मार्चात वाढेल, एप्रिलात वाढेल, मे महिन्यात सगळ्यांत जास्त. कारण... कारण तो जितका लांब जातो, तितका डोक्यावर बसतो!”

सोसायटीतला सूर्य कोण, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. आपण काय बोलून गेलो, ते मला आप्पांचं तोंड बघितल्यावर कळलं. मागून रशीदभाईंच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. मग कुणी तरी फिस्सकन हसलं आणि हसू अख्ख्या आवारात पसरलं. व्हाइस चेअरमननी हसू नये म्हणून टोपीच तोंडावर धरली.

आप्पा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, “सर, आज पयल्यांदा तुमी ‘हो आप्पा’ म्हणला न्हाई.” आणि खुर्चीत बसले. “मांडा, कुणाला ठराव मांडायचा तं. मी मधी येत न्हाई.”

सेक्रेटरींनी प्रोसिडिंगची वही उघडली. “छावणीचा प्रस्ताव आजच तहसीलला पाठवावा. सूचक कोण?”

आता पंचाईत झाली. आप्पा खरंच बोलतायत, की कोण कोण उठतंय ते बघतायत, कुणाला कळेना. मघाशी पोट धरून हसलेली माणसं आपापल्या चपला बघायला लागली.

“माजं लिवा,” सरूबाई म्हणाली. “मी सभासद हाय.”

“अनुमोदक?”

एकही हात वर येईना. सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं. लिंबाखाली गाईनं दाव्याला हिसका दिला, तेवढाच आवाज. अनुमोदक मिळाला नाही की ठराव तिथंच पडतो. माझा हात कधी वर गेला, ते मलाही समजलं नाही.

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. “सर, तुमचं चालत न्हाई. तुमी सभासद न्हाई. सभासदाकडं दुभतं जनावर पायजे. तुमच्याकडं काय हाय?”

आष्टीतली दोन खोल्यांची भाड्याची जागा, सहा पुस्तकं आणि एक सायकल. मी हात खाली घेणार तोच सरूबाई लिंबाकडं गेली. दावं सोडलं, गाय ओढत आणली आणि दाव्याचं टोक माझ्या मुठीत कोंबलं.

“धरा. ठराव हुस्तोवर तुमची. सेक्रेटरीसाहेब, करा ह्यांना सभासद, मंग लिवा!”

सेक्रेटरींनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी आभाळाकडं पाहिलं. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं आणि नियम धुंडाळत वहीची पानं मागं उलटायला लागले.

जन्मात मी गाईचं दावं धरलेलं नव्हतं, आणि गाईलाही ते लगेच समजलं. तिला हौदाचं पाणी दिसलं. ती निघाली. मीही निघालो. एक चप्पल खुर्च्यांत राहिली, चष्मा नाकावरून खाली आला, आणि सगळ्या सभेसमोरून ती मला फरफटत हौदाकडं न्यायला लागली. माणसं बाजूला होत होती. हाताची कातडी सोलून निघत होती. मूठ सुटणार, तेवढ्यात मागून खुर्ची उलटल्याचा आवाज झाला आणि आप्पा धोतराचा सोगा सावरत, माझ्यामागं पळत, बेंबीच्या देठापासून ओरडले,

“सर, दावं सोडू नका! ठराव व्हायचाय अजून!”